पाय बांधण्याचा रविवार

घरातला माणूस घरातल्याच माणसावर जो अन्याय करतो, तो बहुधा हसत हसत करतो; आणि म्हणूनच तो कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्या गावच्या वुकाशिनच्या घरी असाच एक अन्याय गेली बावीस वर्षे, अक्रोडांच्या आणि सुक्या आलुबुखारांच्या सुवासात, सर्वांच्या डोळ्यांदेखत, मोठ्या आनंदाने घडत होता. तो करणारा वुकाशिन दुष्ट होता काय? मुळीच नाही! लाकडाच्या वखारीत तो मुकादम होता. मालमोटारीवर ओंडके रचून दोर आवळण्यात त्याचा हातखंडा होता. वुकाशिनने मारलेली गाठ घाट उतरला तरी ढिली पडत नाही, असे चालक एकमेकांस सांगत. आईच्या औषधाची वेळ त्याने कधी चुकवली नाही आणि बायकोवर कधी आवाज चढवला नाही. परंतु सज्जन माणसाकडून होणारा अन्याय ओळखणे हे दुर्जनाचा अन्याय ओळखण्यापेक्षा अधिक कठीण असते, हे सुज्ञ वाचकांस वेगळे सांगावयास नको.

शुक्रवारची संध्याकाळ होती. नाताळापूर्वीच्या उपवासाचे दिवस; या उपवासात मांस, दूध, अंडी वर्ज्य, पण रविवारी मासे चालतात. वुकाशिनची पत्नी देसांका स्वयंपाकघरातील मेजावर लहान लहान गाठोडी बांधीत बसली होती. प्रत्येकात मूठभर अक्रोड, सुके आलुबुखार, एखादा सुकवलेला नासपती आणि तिने स्वतः विणलेली लोकरी टोपी. येत्या रविवारी मातेरित्से, म्हणजे आयांचा सण. मागच्या रविवारी आईबापांनी मुलांना बांधले होते. आता मुले आयांचे पाय बांधणार, आणि पुढच्या रविवारी बापांची पाळी. बांधलेल्या आईने भेटवस्तू देऊन आपली सुटका करून घ्यावी अशी रीत आहे. त्या सोडवणुकीला मुले गमतीने ‘खंडणी’ म्हणतात. वुकाशिनची बहीण मिलियाना दर वर्षी नवरा आणि तीन मुले घेऊन या सणाला माहेरी येई. तेव्हा खंडणी पुष्कळ लागे, आणि जेवणही पुष्कळ लागे.

“हे वाच काय लिहिलंय,” वुकाशिन वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाला. “कुठं मे महिन्यातला दुसरा रविवार आईचा, कुठं ऑगस्टात, अरबांकडे वसंत सुरू होतो त्या दिवशी, इंग्रजांकडे त्यांच्या मोठ्या उपवासात. सगळ्या जगानं आईसाठी एकेक दिवस काढून ठेवलाय बघ!”

“चांगलं आहे की.”

“चांगलं कसलं? फुलं देतात नि मोकळे होतात. आपण बांधून ठेवतो! आई घट्ट तर घर घट्ट.”

“आणि आठ मार्चला वखारीत तुम्ही सगळ्या बायकांना एकेक फूल वाटता ते?”

“ते सरकारी. हे आपलं.”

देसांकाने एका गाठोड्याला लाल दोरा गुंडाळला आणि ती सहज बोलावे तसे बोलली, “वुकाशिन, या रविवारी मी लिपोवित्साला जाऊ?”

“कशाला?”

“आईकडे. तिला बांधायला.”

वुकाशिन हसला. “यागोदाआई काय पळून चालल्यात की काय?”

“पळणार कशी? गुडघा धरलाय तिचा. परवा फोनवर म्हणाली, पायऱ्या उतरवत नाहीत. ‘आता मला बांधायला दोरीसुद्धा लागायची नाही,’ म्हणाली. हसत होती म्हणा. पण मला वाटलं, एकदा तरी जावं. लग्न झाल्यापासून एकदाही नाही गेले मी या दिवशी.”

“मग सोमवारी जा ना. कोण नको म्हणतंय?”

“सोमवारी मातेरित्से नसतं.”

“तर मग पुढच्या रविवारी जा, बापांच्या सणाला. वडलांना बांधून ये!”

देसांकाचे वडील वारून नऊ वर्षे झाली होती. तोंडातून शब्द निघून गेल्यावर वुकाशिनच्या ते ध्यानात आले. “मी आपलं गमतीनं,” तो पुटपुटला. “आणि हे बघ, मिलियाना येतेय सगळ्यांना घेऊन. तूच नसशील तर पोरींनी बांधायचं कुणाला? मला?”

देसांकाने पुढचे गाठोडे ओढले. भिंतीपलीकडच्या खोलीत वुकाशिनची आई, म्हातारी स्तामेना, रेडिओ ऐकत पडली होती. तो रेडिओ मात्र याच वेळी बंद झाला.

रविवार उजाडला. बाहेर घोटाभर बर्फ पडले होते. वुकाशिन सरपण घेऊन आत आला तेव्हा देसांकाचे चांगले बूट दारापाशी पुसून ठेवलेले त्याला दिसले. लिपोवित्साची बस अकराला सुटते, हे त्याला ठाऊक होते. चर्चला जायचे असेल, असे त्याने मनाशी म्हटले, आणि तिकडे पुन्हा पाहिले नाही. मनुष्य स्वतःशी किती सफाईने खोटे बोलू शकतो!

सासू आणि सून मेजाशी शेजारी शेजारी बसल्या होत्या. इतक्यात वुकाशिनच्या दोन्ही मुली, पंधरा वर्षांची दुन्या आणि दहा वर्षांची कोसारा, रांगत रांगत मेजाखाली शिरल्या. त्यांनी आईचे पाय लोकरीच्या गळपट्ट्याने खुर्चीच्या पायाला बांधले. वुकाशिनने घरातला जुना, हातमागावरचा लाल कमरपट्टा काढला आणि गुडघे टेकून आपल्या आईचे पाय बांधले. ही आपली वार्षिक कामगिरी तो लहान मुलाच्या उत्साहाने पार पाडी.

“खंडणी! खंडणी!” मुली ओरडल्या.

देसांकाचा हात मेजाखालच्या टोपलीकडे गेला. तोच स्तामेनाने तो हात धरला.

“थांब, सूनबाई. या वर्षी आपल्याकडे खंडणी नाही.”

“आजी, खोटं! टोपली भरलीय, मला दिसतेय इथून,” कोसारा म्हणाली.

“टोपली आहे. द्यायची इच्छा नाही.”

“मग बसा बांधलेल्या!” वुकाशिन हसून म्हणाला.

“बसतो,” स्तामेना म्हणाली. “दुन्या, कॉफी ठेव बाई. दोन पेले.”

देसांकाने एकदा सासूकडे आणि एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. काय चालले आहे हे तिलाही कळत नव्हते. परंतु कॉफी समोर आली तेव्हा तिने पेला दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “या घरात पहिला घोट गरम असतानाच घेतेय मी. पहिल्यांदा.”

पाव तास झाला. मग अर्धा. वुकाशिनला प्रथम मजा वाटली. मग त्याचे लक्ष ओट्याकडे गेले. चुलीत भाजायचे घेवडे तसेच होते. रोटी मळलेली नव्हती. परातीत तीन मोठे मासे डोळे वटारून पडले होते.

“देसांका, मासे कधी साफ करणार?”

“मला उठता येत नाही. बांधलेली आहे.”

“आई, आता पुरे. खेळ खेळाच्या जागी. सोडतो मी तिला.”

“खबरदार!” स्तामेना गरजली. “सोडवणूक न घेता गाठ सोडली तर घराला वर्ष वाईट जातं. कोण सांगतं असं दर वर्षी?”

“...मीच.”

“मग?”

वुकाशिन आपल्याच गाठीत सापडला होता. त्याने बाह्या सरसावल्या आणि सुरी घेतली. ओंडक्यांशी सहज झुंजणारा तो मनुष्य माशापुढे हतबल झाला. खवले त्याच्या मिशांवर उडाले. मासा हातातून निसटला तो थेट कोळशाच्या बादलीत!

“बाबा, मेलेला मासासुद्धा तुमच्यापासून पळतोय!” कोसारा किंचाळली, आणि देसांका हसता हसता मेजावर वाकली. तिला असे हसताना वुकाशिनने पुष्कळ दिवसांत पाहिले नव्हते. काळा झालेला मासा हातात धरून तो तिच्याकडे पाहत राहिला. मग तोही हसला आणि समोरच्या स्टुलावर बसला.

“बरं. हरलो. काय पाहिजे तुम्हा दोघींना?”

स्तामेनाने अक्रोडाचे टरफल बोटांनी बाजूला सारले. तिचा स्वर खाली आला.

“तुझी बहीण कितीला येणार?”

“बाराला.”

“कशाला येतेय?”

“कशाला म्हणजे? तुला बांधायला. दर वर्षी येते.”

“दर वर्षी येते. दारातूनच ओरडते, ‘आई कुठंय?’ मला किती बरं वाटतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आणि ती येते ती का येते, ठाऊक आहे? तिची सासू तिला सोडते म्हणून. ती बाई दर वर्षी या दिवशी आपली सून माझ्याकडे पाठवते नि स्वतः संध्याकाळपर्यंत वाट बघते. मी काय केलं? दुसऱ्याच्या घरातून जे घेतलं, ते माझ्या घरातून कधी कुणाला दिलं नाही.”

“आई, तू कधी तिला अडवलंस?” वुकाशिन म्हणाला.

“अडवलं. तू विसरलास. लग्नानंतरच्या पहिल्याच मातेरित्सेला ही माझ्याकडे आली नि विचारलं, जाऊ का म्हणून. मी म्हटलं, ‘सोमवारी जा.’ ते शब्द माझे नव्हते रे. माझ्या सासूनं मला ऐकवले होते, याच स्वयंपाकघरात. माझी आई दोन डोंगर पलीकडे राहायची. लग्न झाल्यावर मी तिला एकदाही बांधलं नाही. तू पाच वर्षांचा असताना ती गेली. मी रडले, नि मग सगळं विसरून हिला तेच सांगितलं! आणि परवा भिंतीपलीकडून ऐकते, तर तू सांगतोयस, ‘सोमवारी जा.’ माझ्या कपाळावर कोणी थंड पाणी ओतावं तसं झालं.”

दुन्याने चुलीवरची भांडी हलवणे थांबवले होते.

“आईला मान द्यायचा म्हणून आपण दिवस ठरवला,” स्तामेना म्हणाली, “आणि त्या दिवशी तिला रांधायला लावलं, वाटायला लावलं. ते एक राहू दे. हसत केलं आम्ही. पण ही आई झाली म्हणून लेक राहिली नाही का? तुझ्या दोन पोरी आहेत, वुकाशिन. उद्या त्या कुणाच्या तरी घरी जातील. हीच खुर्ची असेल, नि देसांका वाट बघत बसेल. तेव्हा कुणी त्यांना सांगितलं, सोमवारी जा, तर?”

वुकाशिनने मासा परातीत ठेवला. त्याच्या मनात एक अगदी साधा प्रश्न आला, जो बावीस वर्षांत कधी आला नव्हता.

“देसांका,” त्याने विचारले, “तुझ्या आईला इतकी वर्षं कोण बांधतं?”

“कोणी नाही.”

“तुझा भाऊ?”

“तो व्हिएन्नाला. फोन करतो.”

दोनच वाक्ये! त्यांत तक्रार नव्हती, रागही नव्हता. परंतु ज्याच्या गाठी घाटातही सुटत नसत त्या मनुष्याच्या अंतःकरणातील एक जुनी गाठ त्या क्षणी सुटली! त्याने घड्याळाकडे पाहिले. अकराला दहा मिनिटे कमी होती.

“बस गेलीच म्हणायची,” देसांका हळूच म्हणाली.

“बस जाऊ दे! आपली गाडी कशाला आहे? बर्फातून जाते ती. दुन्या, आईचे बूट आण. दारापाशी आहेत.” मग तो खाली मान घालून म्हणाला, “सकाळीच दिसले होते मला.”

मग त्याने बहिणीला फोन लावला. हात माशाच्या खवल्यांनी भरलेले असल्यामुळे कोसाराने फोन त्याच्या कानाशी धरला.

“मिलियाना, आम्ही लिपोवित्साला चाललोय. यागोदाआईंना बांधायला. तुम्ही या, आई इथंच आहे. मासे साफ करायचेत. तुझ्या नवऱ्याला येतात का साफ करायला?”

“त्याला खाता येतात,” मिलियानाचा आवाज सर्वांना ऐकू आला.

“मग आज शिकेल. मी सकाळपासून शिकतोय.”

देसांकाने टोपली वर काढून मुलींच्या हवाली केली आणि तिचे पाय मोकळे झाले. स्तामेनाने एप्रनच्या खिशातून एकच अक्रोड काढला आणि मुलाच्या तळहातावर ठेवला.

“ही माझी खंडणी. सोड मला. आणि हा पट्टा बरोबर न्या. यागोदाला यानंच बांधा. म्हणावं, आमच्या घरातून आलाय. पाठवायला उशीर झाला.”

लिपोवित्साला पोहोचायला तास लागला. यागोदाचे घर चढावर आहे. गाडी खालीच ठेवावी लागली. वुकाशिन पुढे होऊन बर्फ तुडवीत वाट करीत गेला. दार नुसते लोटलेले होते. आत चुलीशेजारी, दाराकडे पाठ करून, यागोदा खुर्चीवर बसली होती. गुडघ्याला लोकरीचे फडके गुंडाळलेले. पायांशी मांजर.

देसांकाने ओठांवर बोट ठेवले आणि बूट काढून ती मोज्यांवर पुढे सरकू लागली. पंचेचाळीस वर्षांची ती स्त्री चवड्यांवर चालताना कोसाराएवढी दिसत होती. जमिनीची एक फळी करकरली. मांजराने मान वर केली. यागोदाने मात्र मागे वळून पाहिले नाही. तिने फक्त एक गोष्ट केली, आणि ती दारात उभ्या असलेल्या वुकाशिनने स्पष्ट पाहिली. तिने आपला दुखरा पाय हातांनी उचलला, दुसऱ्या पायाशेजारी ठेवला, आणि दोन्ही पाय नीट जुळवून ती स्तब्ध बसली.

देसांकाने खुर्चीमागून हात घालून लाल पट्टा तिच्या घोट्यांभोवती गुंडाळला.

“कोण चोर शिरलाय घरात?” यागोदा चुलीकडे पाहतच म्हणाली.

“खंडणी दे, मग सांगते.”

“आधी बघू दे, खंडणी देण्याजोगी आहेस का!” म्हातारीने हात मागे नेला आणि लेकीचा चेहरा चाचपला. “किती गार पडलीस ग. आणि ही गाठ कसली? कोंबडीसुद्धा सुटेल यातून. जावयाला शिकवायला सांग.”

सगळेच हसले. मग यागोदाने दुन्याला भिंतीकडची लाकडी पेटी उघडायला सांगितली. “वरचं गाठोडं घे, ते यंदाचं.”

पेटी उघडताच दुन्या थबकली. आत रुमालात बांधलेली गाठोडी एकावर एक रचलेली होती. पेटी काठोकाठ भरली होती.

“आजी, ही एवढी कुणाची?”

“दर वर्षीची,” यागोदा काही विशेष नसल्यासारखे म्हणाली. “मातेरित्सेला सोडवणूक तयार नको? न जाणो, आलं कोणी तर. हात रिकामे कसे दाखवायचे? अक्रोड वाळलेत आतले, ते कोंबड्यांना टाका. मोजे चांगले आहेत.”

मुलींनी गाठोडी सोडली. अंगठ्याएवढे मोजे निघाले; ते दुन्या जन्मली त्या वर्षीचे. त्याहून थोडे मोठे निघाले. मग पुन्हा लहान, कोसाराचे. त्या दिवशी न आलेल्या नातींची पावले म्हातारीने इथे बसून मनाने मोजली होती आणि प्रत्येक वर्षी विणली होती! तळाच्या गाठोड्यात दोन जोड होते, एक नव्या नवरीचा आणि दुसरा पुरुषाचा.

“तो तुझा, वुकाशिन,” यागोदा म्हणाली. “तू नवा जावई होतास तेव्हाचा.”

वुकाशिन उंबऱ्याशी बसला. त्याने ओले बूट काढले आणि ते मोजे चढवले. टाच किंचित आखूड पडत होती. तरी त्याने ते काढले नाहीत.

“यागोदाआई,” तो म्हणाला, “चूक झाली.”

“मोज्यांची? पाय वाढला असेल तुझा.”

“नाही. माझी.”

म्हातारीने त्याच्याकडे क्षणभर पाहिले. “बरं,” ती म्हणाली. “मग ते ओट्यावरचे माझे घेवडे चुलीत सरकव आणि ये इकडे. मला कोणी सोडू नका एवढ्यात. बसू दे जरा बांधलेली.”

पुढच्या रविवारी बापांचा सण आला. मुलींनी वुकाशिनला सकाळीच बांधले, त्याने खंडणी दिली, आणि मग कोणी न सांगता तो लिपोवित्साला गेला. देसांकाच्या वडिलांच्या थडग्यावरचे बर्फ त्याने हाताने झाडले, एक मेणबत्ती लावली आणि शुक्रवारच्या त्या थट्टेबद्दल टोपी काढून क्षमा मागितली. तेव्हापासून त्यांच्या घरी नियम ठरला आहे: मातेरित्सेच्या सकाळी स्तामेनापाशी मिलियाना, आणि यागोदापाशी देसांका. मासे पुरुष साफ करतात. चवीविषयी येथे अधिक लिहीत नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, जगातील लोकांनी आईच्या सन्मानासाठी निरनिराळे दिवस नेमले आहेत, आणि ते सर्वच चांगले आहेत. परंतु जो दिवस आईचा म्हणून आपण साजरा करतो, तो आपल्या घरातील प्रत्येक आईचा आहे काय, हे ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात जाऊन पाहावे. आपली आई जशी आपली आहे, तशीच आपल्या मुलांची आई ही दुसऱ्या एका आईची लेक आहे. तिला त्या दिवशी त्या दारी जाऊ देणे, आणि जमल्यास स्वतः पोहोचवणे, हाच त्या सणाचा खरा मान होय. तो सोमवारी होत नाही!

आपणांपैकी कोणाच्या तरी ओळखीच्या घरात आत्ता एक म्हातारी दाराकडे पाठ करून बसली असेल. जा. पावलांचा आवाज झाला तरी चिंता करू नका. ती वळून पाहणार नाही. ती नुसते पाय जुळवील.